कंडोम होतं, पण पूर्ण वेळ नव्हतं: रिस्क कशी मोजायची आणि टेस्ट कधी करायची

सेक्स झाला, कंडोम होतं, पण पूर्ण वेळ नव्हतं. म्हणजे सुरुवातीला जरा वेळ तसंच, किंवा ओरल बिना कंडोम, किंवा सगळं झाल्यावर बघितलं तर कंडोम फाटलेलं. त्या क्षणी छातीत धस्स होतं आणि मग पुढचे कित्येक दिवस डोळ्याला डोळा लागत नाही, रात्री दोन वाजता मोबाईलवर लक्षणं सर्च करत बसतो माणूस, आणि जेवढं वाचावं तेवढा पोटातला गोळा मोठा होत जातो. मी यातून गेलोय. तेव्हा मी तिसऱ्या दिवशीच रक्त तपासून आलो, रिपोर्ट निगेटिव्ह आला, हायसं वाटलं, आणि नंतर कितीतरी आठवड्यांनी कळलं की तो रिपोर्ट त्या रात्रीबद्दल काहीच सांगत नव्हता, तो त्याच्या आधीच्या आयुष्याबद्दल होता. लॅबमध्ये कोणी हे सांगितलं नाही आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. म्हणून हे नीट, क्रमाने लिहितोय, पहिल्यांदाच या जागी उभ्या असलेल्या माणसासाठी.

एक गोष्ट आधीच मनात धरा. एका रात्रीची एकच रिस्क अशी काही नसते. त्या रात्री चार गोष्टी झाल्या असतील तर चार वेगळे हिशोब आहेत, आणि प्रत्येक इन्फेक्शनचा परत आपला वेगळा. "कंडोम होतं ना, मग काय नाही होत" हे जितकं अर्धवट आहे तितकंच "दोन मिनिटं नव्हतं, आता संपलं सगळं" हेही अर्धवट आहे.

१. सगळ्यात आधी घड्याळ बघा

बाकी सगळं उद्या वाचलं तरी चालेल, हा भाग आत्ता वाचा, कारण काही गोष्टी ठरावीक तासांतच करता येतात.

एचआयव्ही टाळण्यासाठी पेप नावाचं औषध असतं, म्हणजे संपर्क झाल्यानंतर घ्यायच्या गोळ्या. त्या 72 तासांच्या आत सुरू कराव्या लागतात आणि 28 दिवस रोज घ्याव्या लागतात. 72 तास ही शेवटची हद्द आहे, तोपर्यंत थांबायचं असा त्याचा अर्थ नाही, जितक्या लवकर पहिली गोळी पोटात जाईल तितकं चांगलं. रात्री झालं आणि सकाळी जाता येत असेल तर सकाळीच जा. 72 तास उलटून गेल्यावर त्या गोळ्यांचा उपयोग धरत नाहीत.

मग पेप सगळ्यांनीच घ्यायचं का? नाही. योनीतला किंवा एनल सेक्स बिना कंडोम झालाय, किंवा कंडोम फाटलं किंवा निसटलं, आणि समोरच्याला एचआयव्ही आहे किंवा असू शकतो, तर लगेच डॉक्टरांशी बोला. फक्त ओरल, फक्त हात, फक्त किस झाला असेल तर साधारणपणे पेप देत नाहीत. आपण कुठे बसतो ते कळत नसेल तर घरी बसून ठरवू नका, विचारायला जा, कारण विचारून "गरज नाही" ऐकायला मिळालं तरी काही बिघडत नाही आणि वेळ गेल्यावर मात्र काही करता येत नाही. गोळ्या सुरू करण्याआधी एचआयव्हीची, हिपॅटायटिस बी ची आणि किडनीची टेस्ट घेतात, पण त्या रिपोर्टसाठी पहिली गोळी थांबवून ठेवत नाहीत.

दुसरं, गर्भ राहायची शक्यता असेल तर इमर्जन्सी गोळी. लेव्होनॉरजेस्ट्रेलची गोळी 72 तासांच्या आत घेतली तर चांगली आणि जितका उशीर तितका तिचा परिणाम कमी. युलिप्रिस्टलची गोळी 120 तासांपर्यंत चालते, आणि 5 दिवसांच्या आत कॉपर टी बसवणं हा सगळ्यात खात्रीचा उपाय आहे. ही गोळी कुठलंही इन्फेक्शन थांबवत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून सांगतोय.

तिसरं, हिपॅटायटिस बी ची लस झालेली नसेल तर ती आत्ताही घेता येते, शक्यतो 24 तासांच्या आत, आणि उशीर झाला तरी विचारा, सेक्समधून आलेल्या संपर्कात 14 दिवसांपर्यंत तिचा फायदा होऊ शकतो.

आणि हो, घाबरून योनीच्या किंवा गुदद्वाराच्या आत साबण, डेटॉल, पाण्याचा फवारा असलं काही करू नका. आतली त्वचा नाजूक असते, ती सोलवटली की उलट इन्फेक्शनला दार उघडतं. बाहेरून साध्या पाण्याने धुवा, लघवीला जाऊन या, बास. लघवी केल्याने एसटीआय, म्हणजे सेक्समधून लागणारं इन्फेक्शन, टळतं असं मात्र धरून चालू नका.

एक अवघड गोष्ट पण सांगायलाच हवी. समोरच्याने तुम्हाला न सांगता मध्येच कंडोम काढलं असेल, किंवा तुम्ही नको म्हणत असताना हे झालं असेल, तर ती तुमची चूक नाही, तो अत्याचार आहे. तेव्हाही वरचे तास तसेच लागू होतात, आणि डॉक्टरांना ते तसंच सांगा म्हणजे तपासणी आणि पुढची मदत त्या पद्धतीने होते.

२. कागदावर लिहा की नक्की काय झालं

हे मनातल्या मनात करू नका, खरंच लिहा, कारण भीतीत डोकं एकच चित्र पुन्हा पुन्हा फिरवत राहतं आणि बाकीचं विसरतं. मी पण फक्त त्या बिना कंडोमच्या दोन मिनिटांचाच विचार करत बसलो होतो आणि आधी अर्धा तास ओरल झालं होतं हे माझ्या हिशोबातच नव्हतं.

तारीख आणि साधारण वेळ लिहा. मग काय काय झालं: योनीतला सेक्स, एनल, ओरल कोणी कोणाला, बोटं, अंगाला अंग घासणं, खेळणी वापरली असतील तर ती. प्रत्येकापुढे लिहा की कंडोम होतं, नव्हतं, की मध्येच गडबड झाली. वीर्य कुठे गेलं. कुठे रक्त आलं का, कुणाच्या अंगावर फोड, जखम, चट्टा दिसला का. आणि तुम्ही आत घेणारे होतात की आत घालणारे, कारण यानेही आकडे बदलतात.

"बहुतेक वेळ कंडोम होतं" या वाक्यात पाच-सहा वेगळे प्रसंग लपलेले असतात, ते सुटे करून बघू.

उशिरा घातलं. म्हणजे आधी थोडा वेळ आत बिना कंडोम होतं आणि मग घातलं. वेळ कमी म्हणजे रिस्क कमी, हे खरं, पण शून्य नाही. वीर्य यायच्या आधी जे पाणी येतं त्यातही एचआयव्ही असू शकतो, आणि गोनोरिया, क्लॅमिडिया हे तर आतल्या ओल्या त्वचेला त्वचा लागली की पसरतात, त्यांना वीर्य पडायची गरज नसते. त्यामुळे तेवढ्या भागासाठी हिशोब बिना कंडोमचाच धरायचा, फक्त छोटा.

फाटलं किंवा निसटून आत राहिलं. कधी फाटलं ते बहुतेक वेळा कळतच नाही, बाहेर काढल्यावरच दिसतं. मग पूर्ण सेक्स बिना कंडोम झाला असं धरून चाला, ते सगळ्यात सुरक्षित. फाटण्याची कारणं ओळखीचीच आहेत, तेल किंवा व्हॅसलीन लावलं की लेटेक्सचं कंडोम कमजोर होतं, एकावर एक दोन घातली की घासून फाटतात, टोकाला हवा राहते, एक्सपायरी उलटलेली असते. कोरडेपणा पण एक मोठं कारण आहे, म्हणून पाण्याचं किंवा सिलिकॉनचं लुब्रिकंट वापरावं.

कंडोम एकदम नीट होतं पण ओरल तसंच झालं. माझ्या मते सगळ्यात जास्त लोक या गटात असतात आणि त्यातले बरेच जण चुकीच्या गोष्टीला घाबरतात. ओरलमधून एचआयव्ही व्हायची शक्यता फार फार कमी आहे, जवळपास नाहीच. पण गोनोरिया, सिफिलिस, हर्पिस, क्लॅमिडिया हे ओरलमधून होऊ शकतात, आणि घशातल्या गोनोरियाची बहुतेकांना काहीच जाणीव होत नाही. म्हणजे माणूस एचआयव्हीची टेस्ट चार वेळा करतो आणि ज्याची खरी शक्यता होती त्याची एकदाही करत नाही.

कंडोम पूर्ण वेळ होतं, फाटलं नाही, पण बाकी अंगाला अंग लागलं. कंडोम जेवढं झाकतं तेवढंच वाचवतं. वृषण, मांडीचा सांधा, योनीच्या बाहेरची बाजू, हे सगळं उघडंच असतं. हर्पिस, एचपीव्ही (चामखीळ किंवा गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर करू शकणारा व्हायरस), सिफिलिस, एमपॉक्स (अंगावर फोड आणणारा व्हायरल आजार) हे त्वचेवरून त्वचेवर जाणारे आहेत, त्यामुळे इथे कंडोम रिस्क कमी करतं पण संपवत नाही.

हात, बोटं, किस, मिठी, बाहेर अंगावर वीर्य पडणं. यातून एचआयव्ही होत नाही. थुंकीतून होत नाही, एका टॉवेलमधून, टॉयलेट सीटवरून होत नाही. किसमधून तोंडाचा हर्पिस मात्र लागू शकतो.

३. आता एकेक इन्फेक्शन घ्या

एचआयव्हीपासून सुरू करतो कारण झोप त्यानेच उडालेली असते. जे आकडे मी देतोय ते या अटींवर आहेत: समोरच्याला एचआयव्ही आहे, तो उपचार घेत नाहीये, आणि कंडोम अजिबात नाही. अशा 10,000 संबंधांमागे अंदाजे एनल सेक्समध्ये आत घेणाऱ्याला 138, आत घालणाऱ्याला 11, योनीतल्या सेक्समध्ये बाईला 8 आणि पुरुषाला 4 वेळा इन्फेक्शन होतं. म्हणजे 10,000 पैकी 4 किंवा 8, तेही समोरच्याला एचआयव्ही असेल तरच. कोणाला आधीच दुसरं एसटीआय असेल, जखम असेल, किंवा समोरच्याला नुकतंच एचआयव्ही इन्फेक्शन झालं असेल तर शक्यता वाढते. तरी हे आकडे नीट बघा, कारण मनातला आकडा यापेक्षा शेकडो पटीने मोठा असतो. पण एनल सेक्समध्ये आत घेणाऱ्याचा आकडा बाकीच्यांपेक्षा किती वेगळा आहे तेही बघा, तिथे कंडोम फाटलं असेल तर पेपबद्दल विचारायला उशीर करू नका.

आणि एक गोष्ट अजूनही बऱ्याच लोकांपर्यंत पोचलेली नाही. एचआयव्ही असलेला माणूस नियमित गोळ्या घेत असेल आणि त्याच्या रक्तातला व्हायरस टेस्टमध्ये सापडेनासा झाला असेल, आणि तसाच राहिला असेल, तर त्याच्याकडून सेक्समधून एचआयव्ही पसरत नाही. कमी पसरतो असं नाही, पसरत नाही. हजारो जोडप्यांवर अभ्यास करून हे सिद्ध झालंय. त्यामुळे कोणी तुम्हाला विश्वासाने सांगितलं की मला एचआयव्ही आहे आणि मी उपचारावर आहे, तर त्या माणसाला झिडकारू नका. ज्याने कधी टेस्टच केली नाही त्याच्यापेक्षा तो माणूस जास्त सुरक्षित आहे.

गोनोरिया आणि क्लॅमिडिया हे सगळ्यात जास्त आढळणाऱ्यांपैकी. दोन्ही बॅक्टेरियाचे, दोन्ही पूर्ण बरे होतात, आणि दोन्हींमध्ये लक्षणं नसणं अगदी कॉमन आहे, विशेषतः बायकांमध्ये. उपचार न करता तसंच राहिलं तर बायकांमध्ये ते वर गर्भाशयापर्यंत, बीजनलिकेपर्यंत जातं आणि पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते, म्हणून "काही त्रास नाही मग कशाला टेस्ट" असं म्हणू नये. ट्रायकोमोनास पण याच गटात धरा, तो योनीतून आणि लघवीच्या मार्गातून पसरतो आणि औषधाने जातो.

सिफिलिसमध्ये पहिल्यांदा साधारण 3 आठवड्यांनी, पण 10 पासून 90 दिवसांत कधीही, एक फोड येतो जो दुखत नाही. तीच तर अडचण आहे, दुखत नाही, कधी तोंडात किंवा गुदद्वारात असतो, दिसत नाही, आणि उपचार न करताही आपोआप बरा होतो. माणसाला वाटतं गेलं, पण आजार आत चालूच असतो, नंतर तळहाता-तळपायावर पुरळ येऊ शकतं. पेनिसिलिनच्या इंजेक्शनने तो बरा होतो, फक्त वेळेत सापडायला हवा.

हर्पिसचे फोड साधारण 2 ते 12 दिवसांत येतात, पाण्याने भरलेले, दुखणारे. काहींना कधीच येत नाहीत. हा पूर्ण निघून जात नाही पण गोळ्यांनी ताब्यात राहतो, आणि खूप म्हणजे खूप लोकांमध्ये असतो, त्यामुळे याची भीती जितकी वाटते तितका तो शरीराला धोकादायक नाही. एचपीव्ही तर सेक्स करणाऱ्या बहुतेकांना आयुष्यात कधी ना कधी होतोच, 10 पैकी 9 जणांमध्ये तो 2 वर्षांत आपोआप जातो. एका रात्रीनंतर करायची अशी त्याची टेस्ट नसते. लस घेणं आणि बायकांनी गर्भाशयाच्या मुखाची नियमित तपासणी करणं एवढंच त्यात आपल्या हातात आहे.

हिपॅटायटिस बी ची लस पूर्ण झालेली असेल तर तो विषय जवळपास बंद. हिपॅटायटिस सी मुख्यतः रक्तातून पसरतो, त्यामुळे रक्त आलं असेल किंवा सुया शेअर झाल्या असतील तरच त्याचा वेगळा विचार करा.

४. पार्टनरला विचारा

अवघड वाटतं, माहितीये. पण एका मेसेजने अर्धा हिशोब सुटू शकतो. आरोप न करता लिहा, उदाहरणार्थ: "त्या दिवशी कंडोम फाटलं होतं म्हणून मी टेस्ट करून घेतोय. तुझी शेवटची टेस्ट कधी झाली होती आणि कशाकशाची? माझा रिपोर्ट आला की मी पण सांगेन." शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, त्याने समोरचा पण मोकळा होतो.

उत्तर आलं की दोन गोष्टी बघा. टेस्ट कधीची, आणि त्यानंतर अजून कोणाशी संबंध आला का. "मी सगळ्या टेस्ट केल्यात" म्हणणाऱ्या माणसाने कदाचित फक्त एचआयव्हीची केलेली असते. खोटं बोलतोय असं नाही, त्यालाही तेवढंच माहीत असतं. आणि चेहऱ्यावरून, शिक्षणावरून, कपड्यांवरून, लग्न झालंय की नाही यावरून कोणाला काय आहे ते कळत नाही, हे स्वतःला अगदी स्पष्ट सांगा. पार्टनर लगेच टेस्ट करायला तयार असेल तर फारच छान, पण त्याच्या निगेटिव्ह रिपोर्टवर आपली टेस्ट रद्द करू नका.

५. कॅलेंडर काढा, मी इथेच चुकलो होतो

इन्फेक्शन शरीरात शिरल्यापासून टेस्टमध्ये दिसेपर्यंत काही दिवस जातात, त्याला विंडो पिरियड म्हणतात. त्या काळात रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो आणि इन्फेक्शन मात्र असू शकतं. त्यामुळे टेस्ट लवकर केली म्हणजे जास्त काळजी घेतली असं होत नाही.

ज्या दिवशी झालं तो दिवस शून्य. आता मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये या तारखा टाका.

पहिल्या काही दिवसांत एक टेस्ट केली तरी चालते, पण ती कशासाठी ते समजून करा, आधीपासून काही होतं का ते कळावं म्हणून. पेप घेणार असाल तर ती होतेच.

2 आठवडे: गोनोरिया आणि क्लॅमिडिया. ही नॅट प्रकारची टेस्ट असते, म्हणजे त्यात जंतूचं जनुकीय द्रव्य शोधतात. लघवीतून किंवा स्वॅबमधून, म्हणजे कापसाच्या काडीने पुसून घेतलेल्या नमुन्यातून. मध्येच लक्षणं दिसली तर 2 आठवड्यांची वाट न बघता लगेच जा.

6 आठवडे, नेमकं म्हणजे 45 दिवस: एचआयव्हीची चौथ्या पिढीची टेस्ट, जिच्यात अँटीबॉडी (शरीराने व्हायरसविरुद्ध बनवलेली प्रथिनं) आणि पी 24 अँटिजेन (व्हायरसचा स्वतःचा एक भाग) दोन्ही बघतात आणि रक्त शिरेतून काढून लॅबमध्ये तपासतात. ती 18 ते 45 दिवसांत इन्फेक्शन पकडते, म्हणजे 45 दिवसांनंतर निगेटिव्ह आली तर त्या रात्रीपुरता एचआयव्हीचा प्रश्न मिटला. बोटाला टोचून करायची रॅपिड किंवा घरची किट असेल तर मात्र 90 दिवस धरा. लॅबमध्ये विचारा कुठली टेस्ट आहे, रिपोर्टवरही लिहिलेलं असतं. याच वेळी सिफिलिसची रक्ततपासणी पण करून घ्या.

12 आठवडे: सिफिलिस पुन्हा एकदा, हिपॅटायटिस बी ची लस नसेल तर ती टेस्ट, आणि रॅपिड टेस्ट वापरली असेल तर एचआयव्ही. पेप घेतलं असेल तर वेळापत्रक थोडं बदलतं, गोळ्यांमुळे विंडो लांबू शकते, म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या तारखांप्रमाणेच जा आणि 12 आठवड्यांची टेस्ट चुकवू नका.

एचआयव्हीची पीसीआर टेस्ट, म्हणजे रक्तात थेट व्हायरस शोधणारी, 10 ते 33 दिवसांत पकडू शकते पण ती महाग असते आणि प्रत्येकाला गरज नसते, रिस्क खरंच मोठी असेल किंवा लक्षणं असतील तर डॉक्टर सांगतात. हर्पिसची रक्ततपासणी लक्षणं नसताना करू नका, तिच्यात खोटे पॉझिटिव्ह बरेच येतात आणि नवीनच भीती मागे लागते. फोड आला तर त्या फोडातूनच स्वॅब घ्यायचा, तोही ताजा असताना.

६. कुठून सॅम्पल द्यायचं

हे छोटंसं आहे पण यात खूप लोकांचं इन्फेक्शन तपासणीतून निसटतं. जिथे संपर्क झाला तिथूनच सॅम्पल जायला हवं. घशातला गोनोरिया लघवीच्या टेस्टमध्ये सापडत नाही. ओरल तुम्ही केलं असेल तर घशाचा स्वॅब, एनल घेतलं असेल तर गुदद्वाराचा स्वॅब, पुरुषांना लघवीची पहिली धार (मधली नाही, आणि त्याआधी तासभर तरी लघवी केलेली नसावी), बायकांना योनीतला स्वॅब, जो बऱ्याच ठिकाणी स्वतःच घेता येतो.

हे मिळायचं असेल तर डॉक्टरांना खरं सांगावं लागतं. "जनरल चेकअप करायचंय" म्हणालात तर भलत्याच टेस्ट होतील. लाज वाटत असेल तर तो लिहिलेला कागदच पुढे करा, मी तसंच केलं होतं दुसऱ्या वेळी, शब्द तोंडातून निघत नव्हते, आणि समोरच्या डॉक्टर बाईंनी तो कागद वाचला, दोन प्रश्न विचारले आणि फॉर्म भरायला घेतला. जर कोणी प्रवचन द्यायला लागलं किंवा तुमच्याकडे वाईट नजरेने बघितलं तर तिथून उठा आणि दुसरीकडे जा, पण टेस्ट सोडू नका.

७. एक-दोन उदाहरणं करून बघू

समजा, योनीतला सेक्स पूर्ण वेळ कंडोमसह, फाटलं नाही, ओरल दोघांनी बिना कंडोम केलं. एचआयव्हीची रिस्क नगण्य, पेपची गरज सहसा नाही. 2 आठवड्यांनी घसा आणि लघवी किंवा योनीची गोनोरिया-क्लॅमिडिया टेस्ट, 6 आणि 12 आठवड्यांनी सिफिलिस, त्यासोबत मनाच्या शांतीसाठी एचआयव्ही. महिनाभर कुठे फोड येतोय का त्याकडे लक्ष.

दुसरं, एनल, तुम्ही आत घेणारे, शेवटी कंडोम फाटलेलं दिसलं, समोरच्याची काहीच माहिती नाही. इथे पुढचं वाचत बसू नका, तास मोजा आणि पेपसाठी निघा. मग 2 आठवड्यांनी गुदद्वाराचा स्वॅब आणि बाकी कॅलेंडर.

तिसरं, योनीत एखादं मिनिट बिना कंडोम, मग घातलं, शेवटपर्यंत टिकलं, पार्टनर म्हणाला 3 महिन्यांपूर्वी सगळं निगेटिव्ह होतं आणि नंतर कोणी नाही. एचआयव्हीची शक्यता फारच कमी. पेपबद्दल फोनवर का होईना विचारा, बहुधा नको म्हणतील. गर्भाचा विचार करा. 2 आणि 6 आठवड्यांच्या टेस्ट करा.

८. वाट बघण्याचे दिवस

स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक घेऊ नका. घरात पडलेल्या दोन गोळ्या घेतल्या की इन्फेक्शन जात नाही, नुसतं दबतं, टेस्टमध्ये कधीकधी दिसत नाही, आणि गोनोरिया तर अनेक औषधांना आधीच दाद देईनासा झालाय. संबंधानंतर डॉक्सिसायक्लिन घेण्याची पद्धत काही ठरावीक गटांसाठी आहे, ती डॉक्टर ठरवतात. टेस्ट फुकट होईल म्हणून रक्तदानाला जाऊ नका, विंडोमधलं रक्त तिथे निसटू शकतं आणि ते कोणा आजारी माणसाला जातं. रिपोर्ट येईपर्यंत दुसऱ्या कोणाशीही, नवरा-बायको असले तरी, कंडोमशिवाय सेक्स करू नका, ओरल पण.

लक्षणांबद्दल सांगतो. एचआयव्हीची सुरुवातीची लक्षणं म्हणजे ताप, घसा दुखणं, पुरळ, गाठी, साधारण 2 ते 4 आठवड्यांत, आणि हीच लक्षणं कुठल्याही साध्या व्हायरल तापात असतात. भीतीमुळे घाम, जुलाब, धडधड, जिभेवर पांढरं दिसणं, हे सगळं होतं, मला सगळं झालं होतं आणि त्यातलं काहीच एचआयव्हीचं नव्हतं. म्हणून रोज आरशात जीभ बघणं बंद करा. लघवीला जळजळ, लिंगातून पू, योनीतून वेगळा किंवा वास येणारा स्त्राव, फोड, ओटीपोटात दुखणं, वृषण सुजणं, तळहातावर पुरळ, असं काही दिसलं तर मात्र तारीख न बघता जा.

काही पॉझिटिव्ह आलं तर औषध पूर्ण करा, आणि ज्यांच्याशी संबंध आला त्यांना सांगा, नाहीतर तेच परत तुमच्याकडे येतं. गोनोरिया, क्लॅमिडियाच्या उपचारानंतर 7 दिवस सेक्स नाही, पार्टनरचा उपचार होईपर्यंतही नाही, आणि 3 महिन्यांनी पुन्हा टेस्ट, कारण परत होण्याचं प्रमाण बरंच असतं. एचआयव्ही पॉझिटिव्ह आला तरी एका टेस्टवर निदान होत नाही, खात्रीची दुसरी टेस्ट होते, आणि उपचार लगेच सुरू केला तर माणूस बाकीच्यांइतकंच आयुष्य जगू शकतो.

आणि सगळं योग्य तारखेला निगेटिव्ह आलं तर थांबा. पाचवी, सहावी टेस्ट करू नका. 45 दिवसांनंतरची चौथ्या पिढीची टेस्ट निगेटिव्ह असूनही मन ऐकत नसेल, झोप येत नसेल, तर आता उपचार त्या भीतीवर हवाय, समुपदेशकाशी बोला, त्यात कमीपणा काही नाही. ज्याच्यासोबत टेस्टच्या दिवशी जाता येईल असा एक माणूस शोधा. मला तो दुसऱ्या वेळी मिळाला होता, तो बाहेर बाकावर नुसता बसून होता.

शेवटची टेस्ट झाली की त्याच भेटीत हिपॅटायटिस बी आणि एचपीव्हीच्या लसीचं विचारून घ्या, आणि असे प्रसंग वारंवार येत असतील तर प्रेपबद्दल, म्हणजे आधीपासून घ्यायच्या एचआयव्हीच्या गोळ्यांबद्दल.